जेबीएल हे एका माणसाचं नाव आहे, ज्याच्या स्पीकरवर रॉक गाजलं पण त्याला ते ऐकायला मिळालं नाही

लग्नसराईचे दिवस. शिक्रापुरात पुणे-नगर हायवेच्या कडेनं वरात निघालीय. पुढं टेम्पोवर रचलेली डीजेची भिंत, तिच्यासमोर नाचणारी पोरं आणि मागं घोड्यावर नवरदेव. बेस असा दणकतोय की टपरीवरच्या काचेच्या ग्लासांना कंप सुटलाय.

त्या भिंतीवर तीन अक्षरं हमखास दिसतात. कधी कंपनीनं छापलेली, कधी गावातल्या पेंटरनं रंगवलेली.

जेबीएल.

कुणालाही विचारा जेबीएल म्हणजे काय, तर उत्तर येतं मोठा आवाज. कॉलेजच्या पोराच्या सॅकला लटकलेल्या ब्लूटूथ स्पीकरवर तीच अक्षरं असतात, थिएटरच्या पडद्यामागं तीच असतात आणि कारच्या दरवाज्यातही तीच असतात.

शिक्रापुरातून एक रस्ता चाकणला जातो. त्या चाकणमध्ये हरमन कंपनीचा कारखाना आहे, जिथं गाड्यांसाठीच्या ऑडिओ सिस्टिम बनतात. जेबीएल हा ब्रँड याच हरमनच्या मालकीचा. म्हणजे ही अक्षरं आता आपल्या शेजारची झालीत.

पण जेबीएल हे एका माणसाचं नाव आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. जेम्स बुलो लान्सिंग.

हा माणूस १९४९ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी गेला. तेव्हा तो कर्जात होता आणि त्याची कंपनी बुडायच्या बेतात होती. रॉक अँड रोलचं वादळ आलं ते त्यानंतर पाचेक वर्षांनी. एल्व्हिस, बीटल्स, लेड झेपेलिन यातलं काहीच त्याच्या कानावर पडलं नाही.

तरीही आज कुणी घरी मोठ्या आवाजात रॉक ऐकायला स्पीकर घ्यायला निघाला, तर दुकानात नेमकं काय बघायचं याचं उत्तर या माणसाच्या आयुष्यात सापडतं.

तर गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात.

१४ जानेवारी १९०२ ला तिथल्या मॅकूपिन काउंटीत एका खाण इंजिनिअरच्या घरी पोरगं जन्माला आलं. नाव ठेवलं जेम्स मार्टिनी. हो, मार्टिनी. लान्सिंग हे नाव त्यानं नंतर स्वतःच घेतलं.

घरात एकूण चौदा भावंडं आणि हा नववा. वडील कोळशाच्या खाणींवर काम करायचे, त्यामुळं बिऱ्हाड आज या गावात तर उद्या त्या गावात. काही काळ हे पोरगं बुलो नावाच्या कुटुंबाकडं राहिलं. पुढं त्यानं आपल्या नावात मधलं नाव लावलं ते याच कुटुंबाचं.

लहानपणापासून गडी विजेच्या नादाला लागला. दहा वर्षांचा असताना त्यानं लायडन जार बनवली होती. लायडन जार म्हणजे वीज साठवून ठेवणारी काचेची बरणी. तिचा उपयोग काय, तर मित्रांना शॉक द्यायचा.

बाराव्या वर्षी त्यानं घरीच रेडिओ ट्रान्समीटर तयार केला. असं सांगतात की त्याचे सिग्नल थेट ग्रेट लेक्सच्या नौदल तळापर्यंत पोचले. नौदलाच्या लोकांनी सिग्नलचा माग काढला, घर शोधलं आणि ते यंत्र मोडायला लावलं.

इतक्या हुशार पोरानं मोठं कॉलेज केलं असेल असं वाटतं, पण तसं काही झालं नाही. तो गाड्या दुरुस्त करायचं काम शिकला आणि गॅरेजमध्ये रमला. मशिनवर हात बसला तो तिथंच. पुढं आयुष्यभर त्याची ओळख कागदावर गणितं मांडणाऱ्यापेक्षा लेथवर उभं राहून वस्तू घडवणाऱ्या माणसाची राहिली.

१९२४ मध्ये आई गेली आणि त्यानं घर सोडलं. तो पश्चिमेकडं सॉल्ट लेक सिटीला गेला आणि तिथल्या रेडिओ स्टेशनात कामाला लागला. याच शहरात त्याला दोन माणसं भेटली. एक ग्लेना पीटरसन, जी पुढं त्याची बायको झाली. दुसरा केन डेकर, जो त्याचा धंद्यातला भागीदार झाला.

तो काळ रेडिओचा होता. आधी लोक कानाला हेडफोन लावून एकेकटे रेडिओ ऐकायचे. आता सगळ्या घरानं एकत्र बसून ऐकायचं तर स्पीकर पाहिजे. बाजार उघडत होता.

जिम आणि केन लॉस एंजेलिसला पोचले. ९ मार्च १९२७ ला लान्सिंग मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली. त्याच्या थोडं आधीच जेम्स मार्टिनीचा जेम्स बुलो लान्सिंग झाला होता. वय होतं २५.

कामाची वाटणी साधी होती. जिमनं स्पीकर बनवायचे आणि केननं धंदा बघायचा. ही वाटणी लक्षात ठेवा, पुढं सगळी गोष्ट हिच्यावरच फिरते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत द जॅझ सिंगर हा सिनेमा लागला आणि बोलपटांचं युग सुरू झालं. आपल्याकडं १९३१ मध्ये मुंबईच्या मॅजेस्टिक थिएटरात आलम आरा आला आणि १९३२ मध्ये प्रभातचा अयोध्येचा राजा आला. जगभर एकच अडचण होती. पडद्यावरची माणसं बोलायला लागली खरी, पण हजारभर माणसांच्या थिएटरात शेवटच्या रांगेपर्यंत ते बोलणं पोचवायचं कसं?

आज आपण म्हणू, मोठा अँप्लिफायर लावा. पण तेव्हाचे अँप्लिफायर मोजक्या वॅटचे असायचे. आज घरातल्या साध्या होम थिएटरवर जेवढे वॅट लिहिलेले असतात, तेवढ्यात त्या काळी सगळं थिएटर चालवायला लागायचं.

म्हणजे ताकद वाढवता येत नव्हती. उरला एकच मार्ग. मिळालेल्या प्रत्येक वॅटमधून जास्तीत जास्त आवाज काढायचा.

इथं स्पीकर चालतो कसा हे थोडं समजून घ्यायला हवं.

स्पीकरच्या मागं चुंबक असतं. त्या चुंबकाच्या अरुंद फटीत तारेचं वेटोळं असतं, ज्याला सगळे कॉईल म्हणतात. कॉईलमधून करंट गेला की ती मागं-पुढं हलते. तिला चिकटलेला पडदा हवा ढकलतो आणि आवाज होतो.

यातली खरी गोम अशी की बहुतेक वीज वाया जाते. घरातल्या साध्या स्पीकरला १०० वॅट दिले तर त्यातल्या एखाद्याच वॅटचा आवाज होतो. बाकीची सगळी वीज कॉईल तापवण्यात जाते. डीजेवाल्याच्या तोंडी कॉईल जळाली हे वाक्य येतं ते याच्यामुळंच.

लान्सिंगनं आयुष्यभर या वाया जाणाऱ्या विजेशी भांडण केलं.

१९३३ च्या सुमारास हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचा साउंड विभाग डग्लस शिअररच्या हाताखाली होता. थिएटरात आपल्या सिनेमांचा जो आवाज येतो त्यावर हा माणूस नाराज होता. तेव्हाच्या मोठ्या सिस्टिममध्ये जाड आवाजाचा भोंगा लांबलचक आणि बारीक आवाजाचा आखूड असायचा. एकाच ठेक्याचे दोन भाग वेगवेगळं अंतर कापून कानावर पोचायचे.

याचा एक किस्सा सांगितला जातो. एलिनॉर पॉवेल ही तेव्हाची नावाजलेली टॅप डान्सर. तिच्या बुटाचा एक ठोका पडला की त्या स्पीकरमधून दोन ठोके ऐकू यायचे. फरक काही मिलीसेकंदांचाच, पण नाचाची वाट लागायची.

शिअररनं ठरवलं की आपली सिस्टिम आपणच बनवायची. त्याचा इंजिनिअर जॉन हिलियर्ड कामाला लागला आणि स्पीकर घडवायचं काम आलं लान्सिंगच्या कारखान्याकडं. खालच्या आवाजासाठी १५ इंची स्पीकर आणि वरच्या आवाजासाठी भोंग्याच्या मागं बसणारा कॉम्प्रेशन ड्रायव्हर.

भोंग्याचं तत्त्व आपल्याला नवं नाही. शेतात लांबच्या माणसाला हाक मारताना आपण दोन्ही हातांचा कर्णा तोंडाला लावतो. गळ्याची ताकद तेवढीच असते, पण आवाज लांब जातो. इथं तेच काम इंचाच्या बारीक भागांच्या हिशोबानं केलं होतं.

शिअरर हॉर्न नावाची ही सिस्टिम गाजली. १९३६ सालासाठीच्या अकादमी पुरस्कारांत तिला तांत्रिक पारितोषिक मिळालं. पारितोषिकावर नाव होतं डग्लस शिअरर आणि एमजीएमच्या साउंड विभागाचं. ज्याच्या कारखान्यात तिचे स्पीकर घडले त्या लान्सिंगचं नाव त्यावर नव्हतं.

तरी धंदा ठीक चालला होता. कारण हिशोब बघायला केन डेकर होता.

१९३९ मध्ये केन विमान अपघातात गेला.

इथून लान्सिंगचं गणित बिघडलं. माल उत्तम होता, पण पैसा कुठून येतो आणि कुठं जातो हे बघणारं कुणी उरलं नाही. दोन वर्षांत कंपनी अडचणीत आली. डिसेंबर १९४१ मध्ये अल्टेक नावाच्या कंपनीनं ती विकत घेतली आणि अल्टेक लान्सिंग तयार झाली.

कॉम्प्युटरला अल्टेक लान्सिंगचे स्पीकर जोडलेले ज्यांना आठवतात, त्यांच्यासाठी सांगायचं तर ते लान्सिंग हेच.

स्वतःच्या नावाच्या कंपनीत लान्सिंग आता नोकर होता. हुद्दा मोठा, इंजिनिअरिंगचा व्हाइस प्रेसिडेंट. करार पाच वर्षांचा.

ही पाच वर्षं त्यानं वाया घालवली नाहीत. एकाच आसावर जाड आणि बारीक दोन्ही आवाज देणारा ६०४ हा स्पीकर याच काळातला. पुढं कित्येक दशकं रेकॉर्डिंग स्टुडिओत त्याच्यावर गाणी तपासली गेली. युद्ध संपता संपता १९४५ मध्ये व्हॉइस ऑफ द थिएटर ही सिनेमागृहांसाठीची मालिका आली. ती पुढं अमेरिकेतल्या थिएटरांत घरोघरच्या चुलीइतकी नेहमीची झाली.

पण माणूस दुसऱ्याच्या हाताखाली रमणारा नव्हता. करार संपला आणि १९४६ मध्ये त्यानं अल्टेक सोडली. १ ऑक्टोबर १९४६ ला नवी कंपनी काढली, लान्सिंग साउंड.

लगेच जुन्या मालकांनी हरकत घेतली. लान्सिंग हे नाव त्यांनी कंपनीबरोबर विकत घेतलं होतं. ज्यानं मार्टिनी हे जन्माचं नाव सोडून लान्सिंग घेतलं होतं, त्यालाच आता ते मोकळेपणानं वापरता येईना. शेवटी कंपनीचं नाव जेम्स बी. लान्सिंग साउंड असं लांबलचक करावं लागलं.

या कंपनीतून १९४७ च्या सुमारास जो स्पीकर बाहेर पडला त्यानं इतिहास घडवला. त्याचं नाव डी-१३०.

दिसायला साधा १५ इंची स्पीकर. पण आत त्याची कॉईल होती तब्बल चार इंच व्यासाची. त्या काळात एवढी मोठी कॉईल घरगुती स्पीकरमध्ये कुणी घालत नव्हतं.

कॉईलची तारही वेगळी. नेहमीची तार गोल असते, त्यामुळं वेढ्यांच्या मधे रिकामी जागा राहते. लान्सिंगनं चपटी पट्टीसारखी तार उभी गुंडाळली, म्हणजे तेवढ्याच फटीत जास्त धातू बसला. त्यामागं अल्निको जातीचं तगडं चुंबक. कॉईल मोठी असल्यानं उष्णता बाहेर टाकायला जागा जास्त, म्हणून ती लवकर जळतही नव्हती.

परिणाम काय, तर एका वॅटला एक मीटरवर साधारण शंभर डेसिबलच्या घरात आवाज. आजचे घरगुती स्पीकर बहुतेक वेळा ८५ ते ९० डेसिबलमध्ये असतात. कागदावर हा फरक दहा-पंधरा आकड्यांचा दिसतो. पण डेसिबलच्या हिशोबात १० नं वर जायचं तर दहापट वीज लागते. म्हणजे जिथं दुसऱ्या स्पीकरला १०० वॅट लागतील तिथं डी-१३० ला दहाच्याही आत भागायचं.

वस्तू अशी होती की पुढं पन्नासेक वर्षं ती बनत राहिली. पण ती बनवणारा माणूस मात्र बुडत चालला होता.

लान्सिंगला स्पीकर बनवायला येत होतं, विकायला येत नव्हतं. माल इतका निगुतीनं घडवायचा की खर्च वाढायचा. देणेकऱ्यांचे पैसे थकले. मार्क्वार्ट नावाच्या विमान कंपनीनं काही काळ मदत केली आणि तिथला खजिनदार विल्यम थॉमस कंपनीच्या कारभारात आला. पण मार्क्वार्टचेच मालक बदलले आणि आधार सुटला.

सप्टेंबर १९४९ मध्ये जिम लान्सिंगनं स्वतःचं आयुष्य संपवलं.

मागं राहिली बायको, कर्ज आणि बंद पडू पाहणारा कारखाना. पण त्यानं दहा हजार डॉलरचा आयुर्विमा काढून ठेवला होता आणि तो कंपनीला मिळणार होता. त्या पैशावर विल्यम थॉमसनं कारखाना उभा ठेवला. पुढं ग्लेनाचा हिस्सा विकत घेऊन तो एकटा मालक झाला.

लान्सिंगला दहा वर्षं ज्या माणसाची गरज होती तो माणूस म्हणजे थॉमस. डिझाईन जवळपास तीच, कारागीर तेच, फक्त आता हिशोब ठेवणारं कुणीतरी होतं. कंपनी वर आली.

नावाचा जुना वाद काही मिटेना, तेव्हा १९५० च्या दशकात थॉमसनं नावाची आद्याक्षरंच पुढं केली. जेबीएल. म्हणजे जी तीन अक्षरं आज जगभर दिसतात, ती ब्रँड म्हणून खुद्द जेम्स बी. लान्सिंगनं कधी पाहिलीच नाहीत.

आणि याच दशकात रॉक अँड रोल आलं.

कॅलिफोर्नियातच लिओ फेंडर नावाचा माणूस इलेक्ट्रिक गिटार आणि तिचे अँप्लिफायर बनवत होता. गिटारवाल्यांची एकच तक्रार. ड्रमच्या वर गिटार ऐकू यायला हवी तर आवाज वाढवावा लागतो आणि आवाज वाढवला की स्पीकर फाटतो. लान्सिंगचा डी-१३० ही तक्रार ऐकूनच बनवलाय असा चालला. फेंडरसाठी त्याची खास आवृत्ती निघाली, डी-१३० एफ. त्यातलं एफ म्हणजे फेंडर.

थिएटरच्या शेवटच्या रांगेसाठी केलेली मेहनत आता स्टेजवर कामाला आली. तेव्हा वीज कमी होती म्हणून प्रत्येक वॅट पिळून काढायचा होता. आता अँप्लिफायर मोठे झाले आणि त्याच स्पीकरला दहापट वीज मिळाली. मग जो आवाज झाला त्याला लोक रॉक म्हणायला लागले.

ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉक झालं. न्यूयॉर्क राज्यातल्या एका दूधवाल्याच्या शेतात चार लाखांच्या आसपास माणसं जमली. बिल हॅन्ली या साउंड इंजिनिअरनं तिथं जी सिस्टिम उभी केली, तिच्यात खालच्या आवाजाला जेबीएलचे १५ इंची स्पीकर होते आणि वरच्या आवाजाला अल्टेकचे भोंगे.

म्हणजे नावावरून भांडलेल्या दोन्ही कंपन्या त्या शेतात एकाच स्टेजवरून वाजत होत्या. आणि दोन्हींचा पाया एकाच माणसानं घातला होता, जो वीस वर्षांपूर्वी गेला होता.

त्याच वर्षी सिडनी हरमननं थॉमसकडून जेबीएल विकत घेतली. पुढं २०१७ मध्ये हरमनच सॅमसंगनं घेतली. चाकणच्या कारखान्यापर्यंतची साखळी ती अशी.

स्टेज झालं, पण घरातलं काय?

१९६० च्या दशकाच्या शेवटी जेबीएलनं स्टुडिओसाठी ४३१० नावाचा मॉनिटर काढला. १२ इंची वूफरची ही पेटी अमेरिकेतल्या स्टुडिओत पसरली. मग कंपनीच्या लक्षात आलं की ज्या पेटीवर गाणं तयार होतं तीच घरी दिली तर? १९७० मध्ये तिचा घरगुती अवतार आला, एल-१००. पुढं नारिंगी किंवा निळ्या फोमची चौकड्यांची जाळी आणि आत तोच १२ इंची वूफर.

१९७० च्या दशकात सर्वाधिक खपलेल्या घरगुती स्पीकरांमध्ये तिचं नाव येतं. मॅक्सेल कॅसेटच्या जाहिरातीत खुर्चीत बसलेल्या माणसाचे केस आणि टाय आवाजाच्या वाऱ्यानं मागं उडताना दाखवलेत, त्यात समोर ठेवलेला स्पीकर एल-१०० आहे. २०१८ मध्ये कंपनीनं तोच चेहरा घेऊन ती पेटी पुन्हा बाजारात आणली.

आता मुद्द्याचं. आज शिक्रापूर, शिरूर किंवा पुण्यात एखाद्याला घरी मोठ्यानं रॉक ऐकायचंय आणि तो दुकानात गेलाय. समोर पेट्यांची रांग आहे. प्रत्येक पेटीवर मोठ्या अक्षरात वॅट लिहिलेत. हजार वॅट, दोन हजार वॅट.

लान्सिंगच्या गोष्टीतला पहिला धडा असा की वॅट म्हणजे आवाज नाही. वॅट म्हणजे स्पीकर किती वीज खाऊ शकतो. गाडी किती पेट्रोल पिते यावरून ती किती पळते हे कळत नाही, तसंच हे. त्यातही पीएमपीओ लिहिलं असेल तर तो आकडा सरळ सोडून द्यावा. आरएमएस वॅट असतील तेवढेच खरे धरावेत.

बघायचा आकडा वेगळाच असतो. त्याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात आणि तो डेसिबलमध्ये लिहिलेला असतो, एक वॅटला एक मीटरवर किती आवाज. हाच तो आकडा ज्याच्यासाठी लान्सिंगनं चपटी तार गुंडाळली.

हिशोब सोपा आहे. ३ डेसिबल वाढवायचे तर वीज दुप्पट लागते. ८७ डेसिबलच्या स्पीकरला जो आवाज काढायला १०० वॅट लागतात, तो ९० च्या स्पीकरला ५० मध्ये निघतो आणि ९७ च्या स्पीकरला १० मध्ये. म्हणून मोठ्यानं रॉक ऐकणाऱ्यानं ९० किंवा त्यावरचा आकडा शोधावा.

रॉकला हे जास्त का लागतं? कारण ड्रमचा एक ठोका सरासरी आवाजाच्या कितीतरी वर उडी मारतो. ती उडी १० डेसिबलची असली तर त्या क्षणापुरती दहापट वीज लागते. तिथं अँप्लिफायर कमी पडला तर ठोक्याचं डोकं छाटलं जातं, आवाज फाटतो आणि पिळून निघालेला छोटा अँप्लिफायर बऱ्याचदा ट्विटर जाळतो. जरा वरचढ, स्वच्छ अँप्लिफायर म्हणूनच परवडतो.

दुसरी गोष्ट आकाराची. १९५४ मध्ये एडगर विल्चर यानं एआर-१ ही बंद पेटी काढली आणि छोट्या खोक्यातून खोल बेस काढून दाखवला. पण तिला वीज भरपूर लागायची. तेव्हापासून हा नियम पक्का आहे की छोटी पेटी, खोल बेस आणि कमी विजेत मोठा आवाज, या तिन्हीतल्या दोनच गोष्टी एका वेळी मिळतात. डी-१३० मध्येही दणका होता, पण अगदी तळाचा बेस त्याचं काम नव्हतं. तेव्हा हातभर उंचीच्या पेटीत तिन्ही मिळतील असं कुणी सांगितलं तर जरा थांबावं. रॉकला १० किंवा १२ इंची वूफर आणि त्याला शोभेल एवढी पेटी लागते. तेवढी जागा घरात नसेल, तर छोटे स्पीकर आणि वेगळा सबवूफर ही तडजोड बरी.

तिसरी गोष्ट खोलीची. पेटी कोपऱ्यात ढकलली की बेस फुगतो आणि गिटार त्यात बुडते. भिंतीपासून थोडं अंतर, ट्विटर कानाच्या उंचीला आणि समोर ऐकणारा, एवढं केलं तरी तोच स्पीकर निराळा वाटतो. दुकानात ऐकताना आपलं रोजचं गाणं न्यावं आणि घरी जेवढ्या आवाजात लावतो तेवढ्यात ऐकावं. हळू आवाजात सगळेच स्पीकर गोड वाटतात.

आणि शेवटची गोष्ट कानांची. ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तास चालतो, त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होत जातो. १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं उरतात. शिवाय आपल्याकडच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. चांगल्या स्पीकरचा खरा फायदा इथंच कळतो. जो फाटत नाही, तो मोठा करत बसावं लागत नाही.

जिम लान्सिंगला प्रत्येक वॅटचा हिशोब लागायचा, पण प्रत्येक डॉलरचा लागला नाही. पारितोषिकावर त्याचं नाव आलं नाही, स्वतःच्या नावासाठी त्याला भांडावं लागलं आणि ज्या संगीतानं त्याचे स्पीकर जगभर नेले ते ऐकायला तो राहिला नाही.

पण आजही शिक्रापुरात डीजेवाला पोरगा वरातीआधी कॉईल तपासून बघतो, पडद्यावर बोट ठेवून तो सरळ हलतो का ते बघतो आणि मगच आवाज चढवतो, तेव्हा तो लान्सिंगच्याच वाटेवर असतो. ते नाव कुणाचं हे त्याला माहीत नसलं तरी.